गिझरचा दिवा लागतो, पण पाणी तापत नाही: दोष नेमका कुठे शोधावा?

गोरेगावातील एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडील १५ लिटरचा, २००० वॅटचा साठवणीचा गिझर अचानक तापेनासा झाला. लाल दिवा लागतो आणि तासभर लागलेलाच राहतो, एमसीबी (जास्त प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, शॉकही जाणवत नाही. मात्र नळाला येणारे पाणी गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याइतकेच गार असते. हे सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी सोसायटीच्या टाक्या धुतल्या गेल्या होत्या. घरी आलेल्या मेकॅनिकने गिझरचे झाकण न उघडताच पाणी तापवणारी कॉइल, ठरलेल्या तापमानाला पुरवठा तोडणारा थर्मोस्टॅट आणि पाणी अती तापल्यास पुरवठा तोडणारा कट-आऊट हे तिन्ही भाग बदलावे लागतील असे सांगितले. ते मानावे का, आणि त्याआधी स्वतःला काय तपासता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या वर्णनावरून कॉइल आतून तुटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त वाटते, परंतु मोजमाप केल्याशिवाय एकही भाग बदलू नये. टाकी धुण्याचा जो उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, तो माझ्या दृष्टीने या तक्रारीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. त्याचा उलगडा न करता नवी कॉइल बसवली तर पुढच्या टाकी धुण्याला तीही जाऊ शकेल.

पाणी न तापण्याची कारणे दोन वेगळ्या बाजूंची असतात. एक तर वीज कॉइलमधून वाहतच नाही, किंवा वीज व्यवस्थित खर्च होते, पाणी तापतेही, पण ते तापलेले पाणी नळापर्यंत पोहोचत नाही. या दोहोंपैकी आपण कोणत्या बाजूला आहोत हे गिझरला हात न लावता ठरवता येते, आणि ते आधी ठरवावे. त्यासाठी घरातील वीजमीटर पुरेसा आहे. आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. मुंबईत मीटर बहुधा तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये असतात, त्यामुळे एकाने खाली मीटरपाशी थांबावे, दुसऱ्याने घरात राहावे आणि दोघांनी फोनवर बोलत हे काम करावे. घरातील फ्रीजसह सगळी उपकरणे काही मिनिटे बंद करावीत, मीटरचा दिवा जवळजवळ थांबल्याची खात्री करावी आणि मग एकटा गिझर सुरू करावा. मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला असेल, तर २००० वॅटचा गिझर चालू असताना दहा सेकंदांत सुमारे १८ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. आकडा १६०० असेल तर सुमारे ९ वेळा. काही मीटरच्या पडद्यावर त्या क्षणाचा भार थेट किलोवॅटमध्येही दिसतो, मग मोजण्याचीही गरज नाही.

गिझर सुरू केल्यावर मीटरच्या लुकलुकण्यात काहीच फरक पडला नाही, तर वीज कॉइलमधून जात नाही हे पक्के झाले. फरक पूर्ण पडला, तर कॉइल, थर्मोस्टॅट आणि कट-आऊट तिन्ही आपापले काम करत आहेत आणि दोष पाण्याच्या बाजूला आहे, मग कोणी काहीही सांगो. तिसरी शक्यता अशी की लुकलुकणे वाढते, पण हिशेबापेक्षा बरेच कमी. अशा वेळी गिझरपर्यंत पूर्ण दाबाने वीज पोहोचत नाही असे समजावे. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १५०० वॅट देते आणि पाणी तापायला तिसऱ्या हिश्शाने जास्त वेळ लागतो. पण पाणी अजिबात तापत नाही या तक्रारीचे हे कारण होऊ शकत नाही.

वेळेचाही हिशेब करून ठेवावा, कारण त्यावरून पुष्कळ गोष्टी उलगडतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यासाठी २००० वॅटच्या कॉइलला साधारण १८ ते २० मिनिटे लागतात, म्हणजे तेवढ्या वेळात थर्मोस्टॅटने पुरवठा तोडून दिवा विझवला पाहिजे. तुमचा दिवा तासभर विझत नाही याचा अर्थ थर्मोस्टॅटपर्यंत उष्णता पोहोचलेलीच नाही.

आता त्या दिव्याविषयी. बहुतेक गिझरमध्ये हा दिवा थर्मोस्टॅट आणि कट-आऊट यांच्या पुढे, कॉइलच्या दोन टोकांना समांतर जोडलेला असतो. अशी जोडणी असेल तर दिवा लागणे म्हणजे प्लग, स्विच, वायर, कट-आऊट आणि थर्मोस्टॅट या सगळ्यांतून वीज सुखरूप पार होऊन कॉइलच्या दारापर्यंत आली आहे. त्यानंतर पाणी तापत नसेल तर कॉइल तुटलेली आहे किंवा कॉइलच्या टोकावरची थिंबल (वायर जोडणारी धातूची टोपी) जळून सुटली आहे. काही गिझरमध्ये मात्र दोन दिवे असतात, एक नुसता पुरवठा आल्याचे सांगणारा आणि दुसरा तापणे सुरू असल्याचे सांगणारा. त्यातला पहिलाच लागत असेल तर दोष थर्मोस्टॅट किंवा कट-आऊटमध्येही असू शकतो. तुमच्या गिझरचा दिवा यापूर्वी पाणी तापल्यावर आपोआप विझत असे का, हे घरातल्यांना विचारून पाहा. विझत असेल, तर तो कॉइलला समांतर जोडलेला आहे आणि तुमच्या मेकॅनिकने सांगितलेल्या तीन भागांपैकी दोन भागांमधून वीज जात असल्याची साक्ष तो दिवाच देत आहे.

इथपर्यंतची तपासणी कोणीही करावी. यापुढचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. ते कसे व्हावे हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहितो. झाकण उघडण्यापूर्वी केवळ भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेला आढळतो आणि तसे असेल तर स्विच बंद करूनही गिझरमध्ये फेज तसाच राहतो. एमसीबी खाली करावा, प्लग असेल तर तो काढावा आणि त्यानंतर टोकांवर वीज नाही हे मल्टिमीटरने पाहून घ्यावे. निऑन टेस्टरवर विसंबणे मला मान्य नाही. न्यूट्रल कुठे तुटला असेल तर टेस्टर कॉइलच्या दोन्ही टोकांवर पेटतो आणि नवख्या माणसाला वाटते की वीज भरपूर येत आहे. प्रत्यक्षात परतीची वाटच बंद असते. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाखवले तरच पुरवठा आहे असे म्हणावे.

कॉइल मोजताना तिच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात, नाहीतर समांतर जोडलेल्या गोष्टींमुळे चुकीचे वाचन मिळते. २००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम असतो, ३००० वॅटच्या कॉइलचा सुमारे साडेसतरा. एकदोन ओहमचा फरक चालतो. मल्टिमीटरने काहीच जोड दाखवली नाही तर आतली नायक्रोमची तार तुटलेली आहे आणि कॉइल बदलण्याखेरीज उपाय नाही. यानंतर कॉइलचे एक टोक आणि तिची धातूची नळी यांच्यामधला रोध पाहावा. तो साध्या मल्टिमीटरवर मोजता येणार नाही इतका मोठा असला पाहिजे, आणि वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (असा मोठा रोध मोजणारे यंत्र) असेल तर उत्तमच. वाचन एक मेगाओहमच्या खाली आले तर ती कॉइल तापत असली तरी मी तिथे ठेवणार नाही. नायक्रोमची तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. नळीला बारीक तडा गेला की ती ओल शोषते आणि वीज पाण्यात उतरू लागते. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पडणारा स्विच) असेल तर तो अशा वेळी पडतो. तुमच्याकडे एमसीबी पडत नाही एवढेच तुम्ही लिहिले आहे, आरसीसीबीचा उल्लेख नाही. नसेल तर या कामाच्या निमित्ताने तो बसवून घ्यावा, कारण एमसीबी हा जास्तीचा प्रवाह ओळखतो, माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याला कळत नाही.

टाकी धुतल्यानंतर दोन दिवसांत कॉइल का तुटावी? गच्चीवरची टाकी रिकामी केली की त्या टाकीवर चालणारी उभी पाइपलाइनही रिकामी होऊ लागते. खालच्या मजल्यांवरचे लोक उरलेसुरले पाणी घेण्यासाठी नळ उघडतात आणि लाइनमधले पाणी खाली ओढले जाते. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडावर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, बहुतेकदा सेफ्टी व्हॉल्व्हच्याच अंगात बसवलेला. टाकीतले पाणी उलटे लाइनमध्ये जाऊ न देणे हे त्याचे काम आहे. त्याच्या रबरावर गंज, वाळू किंवा क्षाराचा कण अडकला, किंवा ते रबरच कडक झाले, तर तो पूर्ण मिटत नाही. त्यात घरातल्या कोणी पाणी आले का हे पाहण्यासाठी गरम पाण्याचा नळ उघडला की तिथून गिझरमध्ये हवा शिरते आणि आतले पाणी थंड पाण्याच्या वाटेने खाली उतरते. नंतर गिझर भरण्यापूर्वीच कोणी सवयीने स्विच दाबला तर कॉइल कोरडी तापते. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता पाणी सतत वाहून नेते. हवेत ती लाल होते आणि तिची तार फार लवकर वितळते. थर्मोस्टॅट नळीत बसलेला असल्याने आणि भोवती पाणी नसल्याने ही उष्णता त्याला उशिरा कळते, म्हणून कट-आऊट असतानाही असे घडते.

तुमच्या बाबतीत असेच घडले असेल असे मी खात्रीने म्हणत नाही, पण ते पाहणे सोपे आहे. काढलेल्या कॉइलवर नळी वाकडी झालेली, निळसर-काळी पडलेली किंवा एका जागी फुटलेली असेल, तर ती कोरडी जळाली आहे. नळी सरळ आणि स्वच्छ असून केवळ आतून तुटली असेल, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. जाड पांढरा थर असेल तर पाण्याकडे लक्ष द्यावे. जुनी कॉइल मेकॅनिकने सोबत नेण्याआधी स्वतः पाहून घ्या. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची परीक्षाही साधी आहे: स्विच बंद ठेवून, पाणी गार असताना, अँगल कॉक (गिझरकडे येणारे थंड पाणी बंद करणारा नळ) बंद करावा, व्हॉल्व्ह गिझरलाच ठेवून त्याच्या खालच्या बाजूची थंड पाण्याची नळी सोडावी, खाली बादली धरावी आणि गरम पाण्याचा नळ उघडावा. नळीतले थोडेसे पाणी पडून थांबले तर व्हॉल्व्ह ठीक आहे. धार सुरूच राहिली तर तो बदलावा. कॉइलच्या तुलनेत हा भाग स्वस्त आहे आणि तरीही तो बदलण्याचे कोणी सुचवत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. याच व्हॉल्व्हमधून तापताना थोडे थेंब पडणे स्वाभाविक असते, कारण पाणी तापल्यावर प्रसरण पावते. ते थेंब थांबवण्यासाठी व्हॉल्व्हचे तोंड बुजवणे मात्र अत्यंत धोकादायक आहे.

थर्मोस्टॅट आणि कट-आऊट यांच्याबाबत माझे मत असे. गार असताना दोघांमधूनही सलग जोड दिसली पाहिजे. कट-आऊट उडालेला असेल तर त्याचे छोटे बटण दाबल्यावर तो पुन्हा बसतो. परंतु तो उडाला का, हे न शोधता बटण दाबून निघून जाणारा मेकॅनिक अर्धेच काम करतो, कारण थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून चिकटले असतील तर पाणी पुन्हा उकळीपर्यंत जाईल आणि कट-आऊट पुन्हा उडेल. थर्मोस्टॅटचा दांडा, वरची टोके कोरडी ठेवून, गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला की संपर्क सुटल्याचा टक आवाज आला पाहिजे आणि मल्टिमीटरवरची जोड तुटली पाहिजे. ही परीक्षा उत्तीर्ण होणारा थर्मोस्टॅट बदलण्याचे कारण नाही. अपवाद एकच: कॉइल कोरडी जळाल्याचे दिसले, तर त्याच नळीशेजारी भाजून निघालेला कट-आऊट मी पुन्हा वापरणार नाही. म्हणजे तुमच्या मेकॅनिकचा अंदाज शेवटी काही अंशी बरोबर ठरू शकतो. पण तो न बघता सांगितलेला होता, एवढाच माझा आक्षेप आहे.

क्षारांविषयी एक गैरसमज सर्रास ऐकू येतो, की कॉइलवर थर बसल्यामुळे गिझर कमी तापवतो. कॉइलमधून जाणारा प्रवाह तिच्या रोधावर ठरतो, बाहेरच्या थरावर नाही. जितकी वीज खर्च होते तितकी उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. थराचा खरा तोटा असा की आतली तार गरजेपेक्षा जास्त तापते आणि कॉइल अकाली तुटते. महानगरपालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा पावसावर भरणाऱ्या तलावांतून येत असल्याने त्यात क्षार तुलनेने कमी असतात. म्हणून मुंबईतल्या गिझरमध्ये दगडासारखा थर निघाला तर मी आधी सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते का, हे विचारतो. तसे असेल तर टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही झपाट्याने झिजतो, आणि तो संपला की गंज टाकीलाच धरतो. कॉइलची फ्लँज (ती टाकीला बसवणारी तबकडी) उघडलेलीच असेल तेव्हा रॉड पाहून घ्यावा. तो पेन्सिलीइतका बारीक उरला असेल तर बदलावा.

वायरिंगची बाजू तुमच्या बाबतीत दुय्यम वाटते, पण गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळींत आणि पूर्वीच्या वायरिंगच्या इमारतींत तीच पहिली पाहावी लागते. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेतो. त्याला १६ ॲम्पिअरचा प्लग आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये ॲडॉप्टर घालून तो चालवू नये. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील, सॉकेटचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी झाले असेल किंवा अर्ध्या तासाने प्लग हाताला गरम लागत असेल, तर तिथे संपर्क सैल आहे. समुद्राच्या दमट खाऱ्या हवेमुळे आपल्याकडे स्क्रूच्या टोकांवर हिरवट थर फार लवकर चढतो. अशा संपर्काची खूण म्हणजे गिझर सुरू होताच दिवा मंद होतो किंवा फडफडतो. तुमचा दिवा मंद होतो किंवा फडफडतो असे तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे मी इथे थांबत नाही.

वीजमीटरने पूर्ण भार दाखवला आणि तरी पाणी गार आले, तर दोन गोष्टी पाहाव्यात. स्विच बंद करून गिझरचा अँगल कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ उघडावा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून गरम पाण्याच्या लाइनमध्ये घुसत आहे. बहुधा डायव्हर्टरचे (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या भागाचे) आतले वॉशर झिजलेले असते, किंवा हँड शॉवर त्याच्या बटणावर बंद ठेवून मागचे दोन्ही नळ उघडे राहिलेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे बाथरूमचे नूतनीकरण झाल्यावर पाइप उलटे जोडले जाणे. गिझरमध्ये गरम पाणी वर साचते आणि ते उचलणारी नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, तर थंड पाणी तळाशी सोडले जाते. निळी आणि लाल खूण यांची अदलाबदल झाली की नळाला तळाचे गार पाणीच मिळते. या दोन्ही तक्रारी प्लंबरच्या आहेत, आणि इलेक्ट्रिशियनने कितीही भाग बदलले तरी त्या मिटणार नाहीत. पाणी थोडा वेळ गरम येऊन लगेच गार होत असेल तर तो दोषही नसतो: १५ लिटर पाणी ६० अंशांवर असताना त्यातून २५ अंशांचे पाणी मिसळून ४० अंशांचे सुमारे ३५ लिटर मिळते, म्हणजे दोन बादल्या, आणि मोठा शॉवर ते काही मिनिटांत संपवतो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा राहील. आज वीजमीटरची परीक्षा करा. भार दिसला नाही तर वॉरंटी कार्ड पाहा, कारण टाकीची आणि कॉइलची मुदत अनेकदा वेगळी असते आणि बाहेरच्या माणसाने गिझर उघडल्यास कंपनी दावा नाकारू शकते. कॉइल बदलायची ठरली तर तितक्याच वॅटची, आयएसआय चिन्हाची आणि त्याच मापाच्या फ्लँजची घ्यावी. गॅस्केट नवेच टाकावे, आणि अर्थिंगची वायर फ्लँजला परत घट्ट बसवल्याचे स्वतः डोळ्यांनी पाहावे, कारण घाईत ती लोंबकळत राहिलेली मी पाहिली आहे. नंतर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून गिझर भरावा; फुर्र-फुर्र आवाज बंद होऊन धार सलग येईपर्यंत एमसीबी वर करू नये. सोसायटीच्या सूचना फलकावर टाकी धुण्याची तारीख लागली की त्या दिवशी सकाळीच एमसीबी खाली करावा, आणि पाणी परत आल्यावर आधी थंड पाण्याच्या नळातून गढूळ पाणी काढून टाकून, मग गरम नळाची सलग धार पाहून, तो वर करावा.